शिंपिणीची फांदी

फार पूर्वी पाखरांच्या रानात, कुठली फांदी कुणाची, याचं एक गाणं होतं. पहिल्या घरट्यापासूनचं ते अख्खं गाणं येईल त्याचीच साक्ष चाले. आणि ते येत होतं एकट्या ढेरपोट्या म्हाताऱ्या धनेशाला.

"पोरी, संध्याकाळपर्यंत ऊठ. ही फांदी माझी," त्यानं अंडी उबवणाऱ्या इवल्या शिंपिणीला सुनावलं.

शिंपीण भडकली. "मेलेल्यांची घरटी कशाला घोकायची? आज कोण कुठं राहतं तेवढंच गाऊ. बदल झाला की सगळे मिळून कडवं बदलू!"

ते छोटं गाणं मुनिया-बुलबुलांनी दाणे टिपता टिपता पाठ केलं. संध्याकाळी सगळं रान ओरडलं, "फांदी शिंपिणीची!"

"आमच्या वेळी असलं नव्हतं," धनेश गुरगुरला.

"म्हणून तर सगळ्या फांद्या तुमच्या होत्या, आजोबा!" मुनिया हसली.

आता साक्षीला धनेशाचाही आवाज धरतात, मुनियेच्या आवाजाएवढाच.