कुर्लीचा वाटा

ही गोष्ट कुर्ल्यांना माणसांची भीती वाटत नव्हती तेव्हाची. शिमगा नुकताच सरला होता आणि सगळं गाव किनाऱ्यावर उभं राहून रापणीचं जाळं ओढत होतं. रिवाज असा, की जो दोरीला हात लावील त्याला मासळीचा वाटा. चार दिवसांची उपाशी कुर्ली दोरीला लोंबकळली आणि जाळ्याबरोबर वाळूवर आली.

"मी माझा वाटा मागणार," होडीमागे दबून बसलेल्या मांजरीला ती म्हणाली.

"अगो, तू ओढलंस कुठे? नुसती लोंबकळलीस!"

"हात लावला ना? चांगले दोन लावले!"

"नको गं बाई. मागायला गेलं की माणसं आपल्याकडे बघतात."

"म्हणून तू जन्मभर काटे चघळतेस!" असं म्हणत कुर्ली नांग्या उंचावून थेट बांगड्यांच्या ढिगावर चढली.

वाटे घालणारा तांडेल हसला. "गे भागीरथी, तुझ्या वाट्याक कुर्ली पण इली!"

"बरा झाला, दुपारी हिचो रसो करतंय," म्हणत भागीरथीने बांगडे टोपलीत भरले, वर कुर्ली ठेवली आणि टोपली डोक्यावर घेतली.

"बघितलंस?" कुर्ली वरून मांजरीला ओरडली. "अख्खी टोपली दिली! शिवाय घरपोच!"