पॅकेजात नसलेला चंद्र

थीम पार्कच्या फाटकावर मॅनेजर छाती काढून उभा होता. "जेवणाचं पॅकेज आधीच घ्यायचं, प्रत्येकाने! जेवायला लागतं ते सगळं आत आहे. एक गोष्ट कमी निघाली, तर अख्खं घर फुकट जेवेल!"

मुला-नातवंडांना घेऊन रांगेत पुढे उभ्या असलेल्या कुमुदकाकूंनी पदर खोचला. "आज माझी संकष्टी."

"मग मोदक आहेत की!"

"असू देत. फाटक बंद कधी होतं?"

"सहाला."

"मग सहाच्या आत चंद्र दाखवा. तो बघितल्याशिवाय मी जेवत नाही."

मॅनेजरने नकळत वर पाहिलं. डोक्यावर रणरणतं ऊन होतं. मागची रांग खदखदून हसली.

काकूंनी मुला-नातवंडांना आत ढकललं. "जा रे, पोटभर जेवा. लाजू नका, साहेबांचं आमंत्रण आहे!"