सातशे अंश

"पाचशेच्या वर काटा कधी गेलाच नाही, उस्ताद. आणखी काय बघायचं राहिलं?"

दस्तगीर उस्तादांनी वाकून ट्रकखाली नजर टाकली. मग टॉर्च लावून नळ्या बघत ते आत सरकले.

हिंदुरावला ते लागलं. वीस वर्षांपूर्वी घाटाच्या पायथ्याच्या याच गॅरेजात तो उस्तादांकडं पाना धरायला शिकला होता. आता त्याच्या हाताखाली चार माणसं होती. इंजिनातून निघणारा धूर किती तापलाय ते दाखवणारा हा काटा त्यानं कुणाला न विचारता स्वतः बसवला होता.

"काट्याची सळई कुठं खोवलीस?"

"टर्बोच्या पल्याड, सायलेन्सरच्या नळीत. पातळ पत्रा... भोक पटकन पडतं."

"तिथवर येईतो पंखा फिरवण्यात निम्मी आग टर्बोनं खाल्लेली असते."

"पण टर्बोच्या अलीकडची नळी बिडाची. तिला भोक पाडायचं म्हणजे..."

"म्हणजे खोलावं लागतं."

इंजिन निवेपर्यंत दोघं थांबले. मग टर्बो उतरवला, बिडाची नळी सोडवली. म्हाताऱ्यानं तिला भोक पाडलं, आटे पाडले, आतला कीस कण न् कण पुसून काढला. सळईचं टोक आता थेट जाळाच्या तोंडाशी आलं.

"चल," उस्ताद म्हणाले आणि शेजारच्या सीटवर चढून बसले.

त्या सीटवर पाच महिन्यांत कुणी बसलं नव्हतं. ती आकारामची, हिंदुरावच्या धाकट्या भावाची जागा. याच घाटात, याच ट्रकचं इंजिन चढावर जळून बंद पडलं होतं. ब्रेकनं चिऱ्यांचं ओझं पेललं नाही. चाकामागं दगड लावायला आकाराम खाली उतरला, आणि ट्रक मागं आला.

आजही मागं चिरेच होते.

"सातशेच्या वर गेला की पिस्टन वितळायला लागतो; ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा," उस्ताद एवढंच बोलले.

पहिल्या वळणाला काटा साडेपाचशेवर गेला. दुसऱ्याला साडेसहाशे. हिंदुरावनं काट्याच्या काचेवर टिचकी मारली.

"काटा खोटा दाखवतोय."

"तोच काटा आहे."

"म्हणजे इतके दिवस..."

उस्ताद बाहेर दरीकडं बघत होते.

हिंदुरावनं काट्याकडं बोट केलं. "त्या दिवशी हा असता ना उस्ताद, तर आकाराम आज..."

"आकाराम काही बोलला नव्हता?"

इंजिन घुमत होतं.

"...बोलला होता."

"काय?"

"दादा, आवाज जड येतोय, जरा थांबू या, म्हणाला. दोनदा म्हणाला."

"मग?"

"मी म्हटलं, गाडी कोण चालवतंय? तू का मी?"

एवढं बोलून तो रडायला लागला. पाच महिन्यांत कुणाजवळ, आईजवळसुद्धा, हे त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. समोरचा रस्ता डोळ्यांतल्या पाण्यात विरघळत होता. काटा सातशे ओलांडून वीस अंश पुढं गेला होता.

उस्तादांनी ना त्याच्या पाठीवर हात ठेवला, ना त्याच्याकडं पाहिलं.

"हिंदुराव," ते हलकेच म्हणाले, "पाय अजून दाबलेलाच आहे तुझा."