शेवटचं पद नसलेली बेरीज

"…आणि शेवटचं पदच नसेल, तर बेरीज कशी काढायची, माई?"

विचारणारी शलाका. कॉलेजात गणित शिकवायची. बाळ झाल्यापासून घरीच होती. माई तिच्या शाळेतल्या गणिताच्या बाई. आता टेकडीवरच्या आश्रमात राहायच्या, गोधड्या शिवायच्या.

"शेवट नाही आणि पदं वाढतच जाणारी, तर बेरीज नाही. पोरांना हेच शिकवायचीस ना?"

"शिकवायचे. पण माझ्या काळजीचं तसंच झालंय. आज कालच्याहून एक जास्त, उद्या आजच्याहून एक जास्त. मांडून पाहिलं. बेरीज अनंताकडे जाते. आणि 'मन शांत ठेव' वगैरे नको हं, माई. गणितातलं सांगा."

"मांडणी बरोबर. पूर्ण मार्क."

शलाकाचा चेहरा उतरला. चूक निघेल या आशेनंच ती टेकडी चढून आली होती.

बाळ तिच्या मांडीवर झोपलं होतं. मागे एकदा तापात त्याला आकडी आली. डॉक्टर म्हणाले, आता काही भीती नाही. तेव्हापासून तिनं त्याला झोपेतही खाली ठेवलं नव्हतं.

माईंनी अर्धी गोधडी तिच्यापुढे सरकवली.

"चार टाके घाल."

"हात कुठं मोकळाय?"

"एक आहे की."

शलाकानं एका हातानं सुई उचलली. कापडाच्या मधोमध टोचली.

"अगं, मधून?" माई हसल्या. "मधून निघालीस तर प्रत्येक फेरा आधीच्याहून तेवढ्यानंच लांब. कापड संपलं म्हणून थांबशील, एवढंच. गोधडी कडेनं धरतात, बाई. मग तेच फेरे तेवढ्यानंच लहान होत आत येतात आणि मधे संपतात."

"गोधडीला कड असते. काळजीला कुठाय?"



माईंनी तिच्या हातातली सुई काढून घेतली. दोरा दातानं तोडला. गोधडी जमिनीवर अंथरली, तळव्यानं सुरकुत्या काढल्या.

"ठेव."

शलाकानं बाळाला आणखी जवळ घेतलं.

"माई, त्याला काही झालं तर…"

माईंचा तळवा गोधडीवरच होता.

बऱ्याच वेळानं ती वाकली. बाळ खाली टेकलं. कुशीवर वळलं. तिच्या पदरातली त्याची मूठ सुटली.

शलाकाचे हात तसेच, हवेत.

"किती वेळ ठेवायचं?"

"तो उठेपर्यंत."