तूप कुणाच्या पानात?

पाहुण्यानं श्रीखंडाची वाटी बाजूला सारली, आणि रायभान राजाचा घास हातातच राहिला!

"का हो पंडितजी, गोड चालत नाही?"

"गोड फार आवडतं, महाराज. पण हे दुधाचं आहे, आणि दूध वासराचं."

"अहो, आम्ही शुद्ध शाकाहारी! मांसमच्छी सोडाच, या राजवाड्यात अंड्याचं टरफलसुद्धा सापडायचं नाही!"

"आनंद आहे. मी दूध, दही, लोणी, तूपही घेत नाही. मधही नाही, तो मधमाश्यांचा."

राजाला हे चांगलंच झोंबलं. खाण्यापिण्याच्या नेमात आपल्या पुढं कुणी असू शकतं, हे ऐकायची त्याला सवयच कुठं होती! त्यानं तिथल्या तिथं सदोबा आचाऱ्याला बोलावलं.

"सदोबा, उद्या पंडितजी आणि आम्ही एका पंगतीत बसणार. दोघांच्या पानात एकच स्वयंपाक! एकाला एक, दुसऱ्याला दुसरं, असला पंक्तिभेद आमच्याकडं चालत नाही. आणि तूप वाढल्याशिवाय इथं कुणी पानाला हात लावत नाही, ठाऊक आहे ना? तूप वाढलं पाहिजे, पंडितजी पोटभर जेवले पाहिजेत, आणि त्यांचा नेमही मोडता कामा नये. नाही जमलं तर परवापासून तू हत्तीखान्यात! भरडा शिजवत बस!"

सदोबा घरी आला तो घामाघूम होऊन. तीस वर्षं नाजूक पुरणपोळ्या लाटणारे हात, आणि आता हत्तींचा भरडा! त्याची लेक भिवरा चुलीपाशी वांगी भाजत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, वांगं उलटलं आणि विचारलं, "बाबा, महाराजांच्या पंगतीत गाईचं पान मांडतात ना?"

"गोग्रास? मांडतात की. पार टोकाला, दाराशी. त्याचं काय?"

"काही नाही. उद्या वाढायला मी येणार. तुम्ही फक्त नारळ फोडा, भरपूर!"

दुसऱ्या दिवशी दुपारी पंगत बसली. तेलावरचा मसालेभात, तिळाच्या तेलात तळलेले भाजणीचे वडे, ताकाऐवजी आमसुलाची गुलाबी सोलकढी, आणि नारळाच्या दुधातली गूळ घातलेली गव्हल्यांची खीर. भिवरा कढत तुपाचं भांडं घेऊन आली. खमंग वास दरवळला. राजा मान वळवून पाहुण्याच्याच पानाकडं टक लावून बसला. आता हा 'नको नको' म्हणणार!

"तूप वाढलं, महाराज!" भिवरा मागून ओरडली. "बसा जेवायला!"

पाहुण्यानं मजेत पहिला घास घेतला. राजा चाट! पण खिरीचा वास काही त्याला स्वस्थ बसू देईना. एक वाटी झाली, दुसरी झाली. तिसरी चाटूनपुसून त्यानं टाळीच वाजवली.

"पंडितजी, हरलात! पानात दिसलं नाही, म्हणजे तूप या खिरीतच होतं. तूप खाल्लंत की हो!"

पाहुण्याच्या हातातला वडा पानात पडला.

"काळजी नको, पंडितजी," भिवरा म्हणाली. "या जेवणात तूप, दूध, मध, काहीच नव्हतं. महाराजांनीही तेच खाल्लं. तीन वाट्या!"

"काय? मग तूप गेलं कुणाच्या पानात?"

भिवरानं दाराकडं बोट दाखवलं. आज तिनं वाढायला सुरुवातच दारापासून केली होती, म्हणून पहिलं पान गाईचं होतं. दारातून मान आत घालून मोरी गाय तूपभात खात होती, तोंडाला तूप माखलेलं!

राजा लगेच गुरकावला. "सापडलीस! गाईला तूप आणि आम्हांला कोरडं? पंक्तिभेद झाला! सदोबा, हत्तीखाना!"

सदोबानं घाईघाईनं हात जोडले. भिवरानं मात्र पदर खोचला.

"भेद कसला, महाराज? तूप तिच्या घरचं, म्हणजे तुपापुरती यजमानीण ती. आपण आणि पंडितजी, दोघंही पाहुणे! आणि यजमानाच्या पानात काय वाढलंय, ते पाहुण्यांनी वाकून बघायचं असतं का?"

राजानं उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि त्यातून बाहेर पडलं ते हसू! हसता हसता त्याला ठसका लागला, तेव्हा पंडितजींनीच सोलकढीचा पेला पुढं केला.

"सदोबा, तुझी पळी तुझ्याकडंच राहू दे. आणि भिवरा, ही मोरी वासरासकट तुझी!"

"दूध मात्र आधी वासराला हं, महाराज."

"आधी वासराला!" राजा डोळे पुसत म्हणाला. "आणि खिरीची ती चौथी वाटी आधी आम्हांला!"