मदतीला धावलेले

“पायातली रक्ताची मोठी वाट बंद पडली, हे कळलं. पण बाजूच्या बारीक वाटा आहेत म्हणतोस. मग पाय गार का?”

हंबीरनाथबाबांनी डावा पाय घोंगडीबाहेर काढला. नखं निळसर झाली होती. दुपारी गाडी येणार होती. शहरात गेल्यावर पाय वाचेलच, असं कोणी सांगत नव्हतं.

अच्युत मठात येण्याआधी डॉक्टर होता. बाबांच्या सेवेत त्याच्याइतकं कडक कोणी नव्हतं. कालपासून तो दारातच बसून होता.

“बाबा, रक्तात प्लेटलेट्स नावाच्या बारीक पेशी असतात. कुठं इजा झाली की धावत येतात, एकमेकींना धरून गाठ करून बसतात. रक्त वाहून जाऊ नये म्हणून.”

“चांगल्या आहेत की.”

“चांगल्याच. पण बसल्या जागी सेरोटोनिन नावाचं द्रव्य सोडतात. त्यानं आजूबाजूच्या बारीक वाटाही आवळतात. गाठीपेक्षा कधीकधी त्याचाच त्रास जास्त.”

“म्हणजे रक्त जाऊ शकलं असतं…”

“थोडंफार. हो.”

“आणि अडवलं कोणी? मदतीला आलेल्यांनी?”

“त्यांना काय कळतंय, बाबा. त्यांना एवढंच माहीत.”

“त्यांना बोल लावू नकोस मग.”

“नाही लावत.”

बाबा खिडकीतून बघत राहिले. मठाचा रिवाज असा, की येणाऱ्यानं आधी धुनीत लाकूड घालायचं, मग बाबांना भेटायचं. बाहेर चिंचेखाली एक माणूस मांडीवर लाकूड घेऊन बसला होता.

“सिद्राम आहे ना तो?”

“हो.”

सिद्राम बाबांचा पहिला शिष्य. भांडून गेलेला. सात वर्षांनी आला होता.

“कधी आला?”

“काल. मीच थांबवलं. भांडण उकरून काढेल, तुम्हाला त्रास होईल. अशा वेळी…”

“लाकूड घालू दिलंस?”

“नाही.”

“रात्री काही खाल्लं त्यानं?”

“मी भाकरी नेली होती. घेतली नाही.”

“नेलीस ना. बरं केलंस.”

बाबांनी अच्युतचा हात धरला आणि आपल्या पावलावर ठेवला. अच्युतनं हात काढला नाही.

“खूप गार आहे, बाबा,” तो म्हणाला.

“हं. तू जरा दारातून सरकून बस, बाळा.”