गोळ्यांचे वजन

“बाई, शोधनिबंधावरून तुमचे नाव काढले, तर तुम्हांला वाईट नाही ना वाटणार?”

प्रश्न विचारताना हृषीकेश कानडे उभाच होता. इंदुमतीबाई तांबट दळणयंत्राचे झाकण पुसत होत्या. धातुशास्त्राच्या अध्यापनातून निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षे झाली होती. तरीही महाविद्यालयामागच्या त्या खोलीची किल्ली अजून त्यांच्याच कमरेला असे.

“आधी बैस. नाव काढायला उभे राहावे लागत नाही.”

तो बसला.

“परदेशातल्या जागेसाठी स्वतंत्र काम दाखवावे लागते. निबंध आज संध्याकाळी पाठवायचा आहे. आणि काम माझेच आहे, बाई. तुम्ही केवळ यंत्र चालवायला शिकवलेत.”

“खरे आहे.”

वाद घालण्याची तयारी करून आलेल्या हृषीकेशने मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

“सिद्ध काय केलेस?” बाईंनी विचारले.

“लोखंड आणि तांबे एकत्र वितळवले, तरी थंड होताना वेगळे होतात. पोलादी गोळ्यांबरोबर तासन्‌तास दळले, तर मात्र एकजीव होतात. पण तो संसार कच्चा. तापवला, की मोडतो. मी असे दाखवले आहे, की जितके अधिक दळावे, तितकी अधिक उष्णता तो सोसतो. दहा तास दळलेली पूड चारशे अंशांवर विलग झाली. चाळीस तास दळलेली साडेचारशेपर्यंत टिकली. फरक केवळ दळण्याचा. बाकी सारे समान.”

“सारे?”

“निम्मे लोखंड, निम्मे तांबे. दहा ग्रॅम आणि दहा ग्रॅम. दोन्ही वेळा मी स्वतः तोलले.”

“आत घालताना.”

“अर्थात. बाहेर काढताना पूड भांड्याला चिकटून राहते, त्या वजनाला अर्थ नसतो. हे तुम्हीच सांगितले होते.”

“मी पुडीविषयी सांगितले होते.”

बाईंनी फळीवरची एक लाकडी पेटी काढून त्याच्यापुढे ठेवली. पेटीवर त्याच्याच वळणदार अक्षरांत लिहिले होते : वीस गोळ्या, २०० ग्रॅम.

“चाळीस तासांना याच होत्या ना?”

“हो. त्याच दिवशी नव्या काढल्या होत्या. त्यानंतर वापरलेल्या नाहीत.”

“धू.”

तो हसला. “बाई, डॉक्टर झाल्यावरही मी गोळ्याच धुवायच्या का?”

“डॉक्टर आधी हात धुतात. तू गोळ्यांपासून सुरुवात कर.”

त्याने गोळ्या स्पिरिटमध्ये धुतल्या, तांबूस झाक जाईपर्यंत घासल्या, कोरड्या केल्या आणि एकेक करून तराजूवर ठेवल्या.

१९८.८.

त्याने सगळ्या उतरवल्या. आकडा शून्यावर आणला. पुन्हा ठेवल्या.

१९८.८.

“एखादी गोळी खाली पडली का, पाहा,” बाई म्हणाल्या.

त्याने मोजल्या. वीस होत्या.

...

बाहेर तासाची घंटा झाली. दोघांपैकी कोणीही उठले नाही.

“एक ग्रॅम आणि दोनशे मिलिग्रॅमची घट,” तो अखेर म्हणाला. “म्हणजे ते पोलाद पुडीत गेले. लोखंड निम्मे राहिलेच नाही, त्रेपन्न टक्क्यांवर गेले. मग ती पूड साडेचारशेपर्यंत टिकली, ती अधिक दळल्यामुळे, की या जास्तीच्या लोखंडामुळे?”

त्याने तराजूवरचा आकडा पुन्हा पाहिला.

“चाळीस तास मी यंत्रापाशी बसून होतो, बाई. दर अर्ध्या तासाला थांबवत होतो, निववत होतो. सगळे लक्ष पुडीवर होते.”

“असायलाच हवे होते.”

“निबंध आज जाणार नाही.”

“नाही.”

“जागाही बहुधा जाईल.”

“बहुधा.”

त्याने एक गोळी उचलून बोटांत फिरवली. तितकीच गोल, तितकीच गुळगुळीत.

“हाताला काहीच कळत नाही.”

“गोळीलाही कळत नाही,” बाई म्हणाल्या, आणि झाकण पुसू लागल्या.

...

बऱ्याच वेळाने त्याने पिशवीतून निबंधाची प्रत काढली. ‘बाकी सारे समान’ ही ओळ त्याने खोडली. मग पहिले पान उलगडून स्वतःच्या नावाच्या वर, सुवाच्य अक्षरांत, बाईंचे नाव लिहिले आणि प्रत त्यांच्यापुढे सरकवली.

बाईंनी चष्मा लावला. वेलांट्या तपासाव्यात, तसे ते नाव एकदा वाचले. मग त्याच्याच हातातले पेन घेऊन त्यावर सरळ रेघ ओढली.

“नाव नको,” त्या म्हणाल्या. “घट लिही.”